चिपवरचे फुप्फुस आणि भिवंडीची हवा

यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्या भिवंडीतल्या कामगाराचा खोकला दोन आठवडे हटला नाही, वजन उतरू लागले, संध्याकाळी कणकण वाटू लागली, की त्याची थुंकी तपासणीला जाते. पूर्वी ती काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. आता ती ‘सीबीनॅट’ किंवा ‘ट्रूनॅट’ यंत्रात जाते आणि एक-दोन तासांत उत्तर येते : क्षयाचे जंतू आहेत की नाहीत, आणि असल्यास रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला ते दाद देतील की नाही. यातले ट्रूनॅट हे गोव्यात वेर्णा येथे असलेल्या मोलबायो या कंपनीचे. जंतूच्या जनुकांची ओळख पटवण्याचे त्याचे काम बोटांच्या चिमटीत मावणाऱ्या चिपवर, एका थेंबाहूनही कमी द्रवात होते. ते बॅटरीवर चालते, त्याला वातानुकूलित खोली लागत नाही. म्हणून ते प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचू शकले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याची शिफारस केली.

ही चिप एका प्रश्नाचे उत्तर चोख देते. रुग्णाच्या मनात मात्र लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे सात-आठ जण, जेवण एकाच खाणावळीत, काम एकाच शेडमध्ये. बाकीच्यांना काही नाही, मग मलाच का? दवाखान्यात याला ‘प्रतिकारशक्ती कमी पडली’ असे उत्तर मिळते. ते चूक नाही, पण ते उत्तरही नाही. पाऊस का पडला, तर आभाळ आले म्हणून, अशातलेच ते.

हा प्रश्न एका खोलीपुरता नाही. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात क्षयाच्या जंतूने कधी ना कधी प्रवेश केलेला आहे, असा अंदाज आहे. त्यांतल्या पाच ते दहा टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. तरीही २०२३ या एका वर्षात जगभरात १ कोटी ८ लाख लोक क्षयाने आजारी पडले आणि साडेबारा लाख दगावले. आजारी पडलेल्यांपैकी २६ टक्के भारतातले होते. म्हणजे जंतू आत शिरणे आणि माणूस आजारी पडणे या दोन गोष्टींच्या मध्ये काहीतरी घडते, आणि बहुसंख्य लोकांच्या बाबतीत ते चांगल्यासाठी घडते. हे ‘काहीतरी’ म्हणजे फुप्फुसातल्या पेशींचे आपापसातले बोलणे. ते ऐकण्यासाठी गेल्या पंधरा वर्षांत जे साधन पुढे आले तीही एक चिपच आहे. निदानाच्या चिपइतका तिचा गवगवा झालेला नाही. ती भिवंडीसारख्या गावाच्या कामाला यायची असेल, तर तिच्यात काय घालायचे याचा विचार इथेच, आणि आताच, व्हायला हवा.

पेशी बोलतात म्हणजे काय? जंतू वायुकोशात, म्हणजे फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यात, उतरला की त्याला प्रथम गाठते ती तिथे गस्त घालणारी भक्षक पेशी. ती जंतू गिळते आणि त्याच वेळी काही प्रथिने बाहेर सोडते. टीएनएफ, इंटरल्युकिन ही त्यांतली कानावर पडलेली नावे. शेजारची अस्तरपेशी हा निरोप घेते आणि स्वतःचा निरोप पलीकडच्या रक्तवाहिनीकडे धाडते. रक्तवाहिनीचे अस्तर चिकट होते, वाहत जाणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे अडतात आणि भिंतीतून वाट काढत वायुकोशात येतात. कोण आधी बोलले, किती मोठ्याने, आणि कोणी वेळेवर ‘आता पुरे’ म्हटले, यावर सगळे अवलंबून. निरोप कमी पडला तर जंतू वाढतो. जास्त झाला तर मदतीला आलेल्या पेशीच फुप्फुस पोखरतात. क्षयाच्या रुग्णाच्या एक्स-रेमध्ये जी पोकळी दिसते ती मोठ्या प्रमाणात शरीराच्या स्वतःच्या माऱ्याने झालेली असते.

हे बोलणे ऐकण्याचे जुने मार्ग दोन : काचेची बशी आणि उंदीर. बशीत दोन-तीन प्रकारच्या पेशी एकत्र वाढवल्या की सगळ्यांचे निरोप एकाच रश्श्यात मिसळतात. निरोप होता हे कळते, तो कोणाचा आणि कोणासाठी हे कळत नाही. शिवाय बशीतल्या पेशी द्रवात बुडालेल्या असतात. फुप्फुसाच्या पेशीला एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला रक्त लागते. उंदराचे फुप्फुस खरे असते, पण त्याच्या आत डोकावता येत नाही. ठरावीक दिवशी उंदीर मारून फुप्फुसात किती जंतू आहेत ते मोजायचे, दुसऱ्या दिवसासाठी दुसरा उंदीर. चित्रपटातली चार-पाच स्थिर चित्रे पाहून कथानक सांगण्यासारखे हे काम. त्यातही प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदरांमध्ये माणसासारख्या, आतून सडत जाणाऱ्या क्षयाच्या गाठी होत नाहीत. या फरकाची किंमत मोजावी लागली आहे. ‘एमव्हीए८५ए’ या क्षयाच्या लशीने प्राण्यांमध्ये आशा दाखवली होती. दक्षिण आफ्रिकेत सुमारे २,८०० बालकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली आले तेव्हा बीसीजीच्या वर तिने काहीच संरक्षण दिले नव्हते.

मायक्रोफ्लुइडिक, म्हणजे सूक्ष्मप्रवाही, चिप या दोन मार्गांच्या मधली वाट काढते. ती बनवण्याची रीत ऐकायला घरगुती वाटावी अशी आहे. केसाच्या जाडीच्या आसपास रुंदीचे उंचवटे असलेला साचा करायचा, त्यावर पारदर्शक सिलिकॉनचा पाक ओतायचा, भट्टीत तापवून घट्ट करायचा आणि ताटातून वडी सोडवावी तसा तो सोडवून काचेवर चिकटवायचा. उंचवट्यांच्या जागी नलिका तयार होतात. इतक्या अरुंद नलिकेत पाणी पाण्यासारखे वागत नाही. त्यात भोवरे उठत नाहीत. दोन द्रव शेजारी शेजारी सोडले तर ते मिसळून न जाता दोन लेन धरून चाललेल्या गाड्यांसारखे वाहत राहतात. मधल्या रेषेवर जी काही देवाणघेवाण होते ती संथपणे, रेणूंच्या आपल्या गतीने.

संशोधकाच्या हाती यामुळे एक मोठी सोय येते. निरोप एकाच दिशेने पाठवता येतो. वरच्या अंगाला भक्षक पेशी ठेवायच्या, खालच्या अंगाला अस्तरपेशी, आणि मध्ये प्रवाह सोडायचा. वरच्यांचे बोलणे खालच्यांना ऐकू जाते, खालच्यांचे वर पोहोचत नाही. मग प्रवाह उलटा करायचा. कोणाच्या बोलण्याने काय घडले याचा निवाडा होतो. काही चिपमध्ये तेलाच्या प्रवाहात पाण्याचे एकेक सूक्ष्म थेंब तोडून प्रत्येकात एकच पेशी कोंडतात. ती काय सोडते ते त्या थेंबातच साचते, गर्दीत हरवत नाही. अशा एकेका पेशीची चौकशी केली तर सारख्या दिसणाऱ्या पेशींतही काही बडबड्या आणि बहुतेक गप्प असल्याचे आढळते. बशीत या सगळ्यांची सरासरी निघते आणि खरे बोलणाऱ्या मूठभर पेशी त्यात बुडून जातात. (या सगळ्या नजाकतीचा एक शत्रू आहे : हवेचा बुडबुडा. एखादा नलिकेत अडकला की आठवडाभराचा प्रयोग वाया.)

फुप्फुसाची चिप २०१० साली हार्वर्डच्या वीस संस्थेत डोंगउन हू आणि डोनाल्ड इंग्बर यांच्या गटाने ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. पेनड्राइव्हएवढ्या तुकड्यात एकावर एक दोन नलिका, मध्ये सच्छिद्र, ताणला जाणारा पातळ पडदा. पडद्याच्या वरच्या बाजूला माणसाच्या वायुकोशाच्या पेशी आणि त्यांच्यावर हवा. खालच्या बाजूला रक्तवाहिनीच्या पेशी आणि त्यांच्याखालून वाहणारा द्रव. दोन्ही कडांना पोकळ्या ठेवून त्यांतली हवा ओढली-सोडली की पडदा ताणतो आणि सैल पडतो. चिप श्वास घेते. वरच्या नलिकेत जंतू सोडले तेव्हा खालच्या प्रवाहातल्या पांढऱ्या पेशी थांबल्या, पडद्यातून वर आल्या आणि जंतू गिळू लागल्या, आणि हे सगळे सूक्ष्मदर्शकाखाली क्षणाक्षणाला दिसले.

त्या शोधनिबंधातला दुसरा प्रयोग भिवंडीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. हवेच्या बाजूने सिलिकाचे अतिसूक्ष्म कण सोडले. चिप स्थिर असताना पेशींची प्रतिक्रिया बेताची होती. श्वास सुरू केला तेव्हा कण अधिक आत गेले आणि दाहाचे निरोप वाढले. म्हणजे बशीतल्या निश्चल पेशींवर धुळीची चाचणी घेतली तर धूळ आहे त्यापेक्षा निरुपद्रवी ठरण्याचा धोका असतो. पुढे २०१६ साली त्याच संस्थेत चिपला सिगारेट ओढायला लावली : झुरके घेणारे यंत्र करून तो धूर श्वासनलिकेच्या चिपमध्ये सोडला. त्यात निरोगी माणसांच्या आणि दीर्घकालीन श्वासविकार असलेल्या रुग्णांच्या पेशी वेगवेगळ्या ठेवल्या होत्या, त्यामुळे एकाच धुराला दोन शरीरे कशी वेगळी उत्तरे देतात ते तपासता आले.

सिगारेटचा धूर चिपमध्ये जाऊ शकतो, तर सुताची धूळही जाऊ शकते. भिवंडी हे देशातल्या सर्वांत मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक. मागाच्या शेडमध्ये पाळी संपताना कामगाराच्या केसांवर, भुवयांवर जी पांढरी लव दिसते ती उघड दिसणारी धूळ. ती नाकातच अडते. फुप्फुसापर्यंत जाते ती न दिसणारी. कापसाच्या धुळीने होणाऱ्या श्वासाच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात आणि त्याची खूण विलक्षण आहे : आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्या पाळीला छाती आवळल्यासारखी वाटते, पुढच्या दिवसांत ते कमी होते. वर्षानुवर्षे हे चालले की छाती सुट्टीची वाट न पाहता कायमच आवळलेली राहते. यामागे एंडोटॉक्सिनचा, म्हणजे कापसावर वाढणाऱ्या काही जंतूंच्या आवरणातल्या द्रव्याचा, मोठा हात मानला जातो. जंतू मेलेला असतो, पण त्याचे आवरण पाहून भक्षक पेशी जिवंत शत्रू आल्याचा निरोप देते. रोज बारा तास हा खोटा गजर वाजत असतो. आणि अशा फुप्फुसात एक दिवस क्षयाचा खरा जंतू उतरतो. त्या वेळी पेशी अधिक सावध असतात, की गजराला कंटाळलेल्या? हा प्रश्न कोणा एका रुग्णाचा नाही, यंत्रमागाच्या साऱ्या गावांचा आहे. मालेगावचा आणि इचलकरंजीचाही.

या प्रश्नाला कागदावरही धार आहे. कापूस, ताग अशा धुळींनी होणारा फुप्फुसाचा आजार कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. पण हजेरीपुस्तकात नाव नसलेल्या, वर्षातून एकदा गावी जाऊन येणाऱ्या, मालक बदलत राहणाऱ्या कामगाराने तो सिद्ध कसा करायचा? त्याच्या केसपेपरवर ‘दमा’ लिहिले जाते, किंवा थुंकीत काही न सापडताही एक्स-रेवरून क्षयाचे उपचार सुरू होतात. धूळ जबाबदार ठरत नाही, कारण धुळीने आत नेमके काय केले हे दाखवणारे कोणी नसते.

क्षयाच्या बाबतीत चिपने काय दाखवले आहे तेही पाहण्याजोगे. स्वित्झर्लंडच्या लोझान येथील ईपीएफएल या संस्थेत विवेक ठक्कर, नीरज धर, जॉन मॅककिनी आणि सहकाऱ्यांनी २०२० साली उंदराच्या पेशी वापरून फुप्फुसाची चिप केली आणि तिच्यात क्षयाचे मोजके जंतू सोडले. निसर्गातही संसर्ग असाच, एकदोन जंतूंनी सुरू होतो. त्यांचे लक्ष होते सरफॅक्टंटवर. वायुकोश आतून चिकटून बसू नयेत म्हणून अस्तरपेशी हा साबणासारखा थर सोडतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला श्वास घेता येत नाही तेव्हा नळीतून जे औषध देतात ते हेच. चिपमध्ये सरफॅक्टंट कमी असले तेव्हा जंतू भक्षक आणि अस्तर अशा दोन्ही पेशींत बेसुमार वाढला. पुरेसे असले तेव्हा पेशीत शिरलेल्या जंतूंपैकी बरेचसे वाढलेच नाहीत. बाहेरून सरफॅक्टंट घातले तर बिघडलेला डाव सावरला. गंमत अशी, की पेशी नसताना नुसत्या जंतूंवर सरफॅक्टंट घातले तर त्यांच्या जगण्यावर काहीच परिणाम होत नाही. ते विष नाही. ते जंतूच्या अंगावरची काही मेदद्रव्ये आणि प्रथिने अंशतः धुऊन काढते आणि मग भक्षक पेशीचे काम सोपे होते. अस्तरपेशी, जिला इतकी वर्षे नुसती भिंत समजले गेले, ती या लढाईत भक्षक पेशीची जोडीदार निघाली. धूम्रपान करणाऱ्यांना आणि वृद्धांना क्षयाचा धोका जास्त का, याचे एक कारण त्यांच्या बिघडलेल्या सरफॅक्टंटमध्ये असू शकेल, असे या संशोधकांनी म्हटले आहे.

याच परंपरेतला रिचा मिश्रा आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध २०२३ साली ‘सेल’मध्ये आला. क्षयाचे जंतू वाढताना सुतासारखे पिळलेले दोर करतात, हे रॉबर्ट कॉखच्या काळापासून ठाऊक होते. ते कशासाठी, हे चिपवर आणि उंदरांत पाहायला मिळाले. पेशीच्या आत वाढणारा हा दोर पेशीच्या केंद्रकावर दाब देतो आणि त्यामुळे धोक्याचे निरोप देणारी यंत्रणा मंदावते. अक्षरशः गळा दाबल्यासारखे. पुढे हा दोर पेशीबाहेर आला की त्याला भिडणाऱ्या भक्षक पेशी मरतात, आणि तो अस्तरपेशींच्या मधल्या फटींतून वाढत राहतो. औषधे सुरू असतानाही दोरातले जंतू पूर्ण शांत होत नाहीत. औषध थांबले की ते झपाट्याने पुन्हा वाढतात. बरे वाटले म्हणून दोन महिन्यांत गोळ्या सोडणाऱ्या रुग्णाला आरोग्यसेविका जे कळवळून सांगते, त्याला इथे एक ठोस कारण मिळाले.

इतके झाल्यावर चिपच्या प्रेमात पडणे सोपे आहे, आणि तिथेच सावध राहायला हवे. चिपमध्ये लसीकाग्रंथी नाहीत, यकृत नाही, मज्जा नाही. तिच्यातला प्रयोग दिवसांचा असतो, फार तर काही आठवड्यांचा. क्षय महिने आणि वर्षे घेतो. जे सिलिकॉन वापरतात ते तेलकट स्वभावाचे रेणू शोषून घेते, त्यामुळे बेडाक्विलीनसारख्या औषधाची चाचणी घेताना पेशींना नेमके किती मिळाले याची खात्री वेगळी करावी लागते. क्षयाच्या जिवंत जंतूवर काम करायचे तर वरच्या दर्जाची बंदिस्त प्रयोगशाळा हवी, आणि तशा देशात थोड्या आहेत.

पण सर्वांत मोठी त्रुटी तंत्राची नाही. चिपमधल्या पेशी उपाशी नसतात. पेशी वाढवण्याच्या एका नेहमीच्या पोषकद्रवात साखर असते ती निरोगी माणसाच्या उपाशीपोटीच्या रक्तातल्या साखरेच्या साधारण पाचपट. हवा गाळून, योग्य उबेची आणि ओलाव्याची दिली जाते. क्षयाचा जंतू अनेकदा प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे वाढवलेल्या ठरावीक वाणाचा असतो. मुंबईत हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया यांनी २०११ च्या अखेरीस कोणत्याच उपलब्ध औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण जगासमोर मांडले, तो जंतू वेगळ्या शाळेत शिकलेला. धूळ खाणारे, अर्धपोटी, पुरेशी झोप नसलेले फुप्फुस त्या सुखवस्तू चिपमध्ये बसत नाही.

अर्धपोटी हा शब्द इथे सहज आलेला नाही. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या पुढाकाराने झालेल्या ‘रेशन्स’ चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली ‘लॅन्सेट’ समूहात प्रसिद्ध झाले. क्षयरुग्णांच्या घरातल्या दहा हजारांहून अधिक माणसांपैकी ज्यांच्या घरी सगळ्यांसाठी पुरेसे धान्य-डाळ आणि जीवनसत्त्वे दिली गेली, त्यांच्यात नवे क्षयरुग्ण ३९ टक्क्यांनी कमी निघाले. थुंकीवाटे पसरणाऱ्या क्षयाचे ४८ टक्क्यांनी. लशीने हे साधले असते तर जगभर मथळे झाले असते. पोट भरल्याने क्षय टळतो हे आता आकड्यांनी माहीत आहे. पोट भरल्यावर भक्षक पेशी अस्तरपेशीशी वेगळे काय बोलते, हे समजले तर कोणाला किती आणि कोणते अन्न आधी द्यावे हे अधिक नेमके ठरवता येईल. पोषकद्रवातली साखर आणि प्रथिने कमी करून चिप ‘उपाशी’ ठेवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. तसा प्रश्न विचारावासा वाटला पाहिजे, इतकेच.

तो विचारण्यासाठी माणसे फार दूर नाहीत. भिवंडीपासून तीसेक किलोमीटरवर पवईच्या आयआयटीत प्रा. देबजानी पॉल यांची प्रयोगशाळा सूक्ष्मप्रवाही साधनांवर काम करते. सिकल सेल या आजाराच्या स्वस्त तपासणीवर तिथे काम झाले आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या प्रा. संध्या कौशिका आणि सहकाऱ्यांनी मिलिमीटरभर लांबीचा कृमी भूल न देता सिलिकॉनच्या नलिकेत धरून त्याच्या चेतापेशीतली वाहतूक जिवंतपणी पाहिली. कायद्याचीही आडकाठी उरलेली नाही. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या चाचण्यांचे नियम बदलले आणि प्राण्यांऐवजी अवयव-चिपसारख्या पद्धतींना जागा दिली. त्याच्या तीनच महिने आधी अमेरिकेने तसा कायदा केला होता. औषधकंपन्या या दारातून आत येतील ते यकृताच्या चिप घेऊन, कारण औषधाने यकृत बिघडणे हा त्यांचा खर्चाचा विषय आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पडताळणीत यकृताच्या चिपने माणसांना अपाय करणाऱ्या औषधांपैकी ८७ टक्के ओळखली. क्षयाच्या गोळ्यांनी कावीळ होणाऱ्या रुग्णांसाठी तेही कामाचेच. पण यंत्रमागाच्या धुळीची चिप कोणतीही कंपनी आपणहून करणार नाही. त्या धुळीवर विकण्यासारखे औषध नाही. ते काम सरकारी पैशानेच व्हायचे, आणि सरकारी पैसा मागितल्याशिवाय मिळत नाही.

त्याला मोठा खर्च लागतो असेही नाही. शेडमध्ये कामगाराच्या नाकाच्या उंचीवर हवा खेचणारा छोटा पंप आणि गाळणपट्टी लावून धूळ गोळा करता येते. तिच्यातले एंडोटॉक्सिन मोजण्याच्या रीती जुन्या आहेत. मुंबईतल्या रुग्णालयांत फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या भागातून, रुग्णाच्या लेखी संमतीने, पेशी मिळू शकतात. धूळ आधी आणि जंतू नंतर, जंतू आधी आणि धूळ नंतर, आणि दोन्ही नसताना : एवढे तीन प्रयोग लावले तरी खोटा गजर आणि खरा शत्रू यांचा संबंध उलगडू लागेल. संमतीचा मुद्दा मात्र हलका नाही. हिंदी, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या कामगाराला मराठी किंवा इंग्रजी छापील अर्जावर अंगठा उठवायला लावणे म्हणजे संमती नव्हे. त्याच्या पेशींवरून उद्या त्याचा आजार धुळीचा ठरला तर ती माहिती त्याला मिळणार की मालकाला, हेही आधीच लिहून ठेवावे लागेल.

आणि चिपची वाट पाहत पंखे थांबवून ठेवण्याचे कारण नाही. धूळ बाहेर खेचणारे पंखे, झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने किंवा यंत्राने धूळ काढणे, झोपण्याच्या खोलीला उघडणारी खिडकी, वर्षातून एकदा फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजणे : यांतल्या एकाही गोष्टीसाठी नव्या संशोधनाची गरज नाही. क्षयरुग्णाला ‘निक्षय पोषण’ योजनेत दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली. ती गावी गेलेल्या कामगाराच्या खात्यात वेळेवर पडते का, हे महापालिकेला आजही तपासता येते. शेडमधला पहिला पंप बसवायला परवानगी लागेल ती मालकाची. मालकांच्या संघटनेशी, कामगार खात्याशी आणि पवईच्या प्रयोगशाळेशी एकाच टेबलावर बोलण्याचे काम महापालिकेचा आरोग्य विभाग करू शकतो. त्यासाठी त्याला लागणार आहे एक पत्र आणि एक दिवस.